सात शेळ्यांचा आळ

मित्रांनो, मी एक म्हातारा लांडगा आहे. मी नऊ हिवाळे पाहिले. आमच्यात इतके पाहणारे थोडेच असतात. कड्याजवळच्या उघड्या माळावर मी राहतो. तुमच्या गोष्टींत मी कायम लबाड आणि खादाड असतो. त्याचे मी फार मनावर घेत नाही. पण या संक्रांतीला माझ्यावर सात शेळ्यांचा आळ आला. तो मी मुकाट्याने घेणार नाही.

तुमची भाषा मला कळते. तात्याबा धनगराच्या मेंढरांमागे चालण्यात माझा जन्म गेला. ऐकून ऐकून शिकलो.

माझा जन्म ओढ्याकाठच्या मुरमात खणलेल्या बिळात झाला. बारा दिवस डोळे मिटलेलेच होते. दूध सुटायला लागले तसा बाप आम्हाला मांस आणू लागला. तो लांबून पळत यायचा. आम्ही त्याचे तोंड चाटले की पोटातले मांस तो आमच्यापुढे ओकायचा. तुम्हाला किळस येईल. तुमचा बाप बाजारातून पिशवीत आणतो, आमचा पोटात आणतो, एवढाच फरक.

दोन वर्षांचा झाल्यावर मी घर सोडले. आमच्यात तसेच असते. जोडीदार आणि माळ आपला आपण शोधायचा. महिनाभर चाललो तेव्हा ती भेटली. तिचा डावा कान फाटलेला होता. पुढची सात वर्षे आम्ही एकत्र काढली. शिकारीला ती काळविटांना दिसेल अशी उघड्यावर चालायची. मी खोलगट जागेत पोट टेकून पडायचो. कळप तिच्यावर डोळा ठेवून मागे सरायचा आणि माझ्यापाशी यायचा. तरी दहा खेपांना दोनदाच पोट भरायचे. काळविटे कमी झाली, तेव्हा आम्ही मेंढरू उचलले. हो, उचलले. खोटे कशाला सांगू? पण आम्ही एकच उचलतो. नरडे धरतो आणि घेऊन जातो. तात्याबा काठी फेकून चार शिव्या द्यायचा. मग आपल्या बायकोला म्हणायचा, "केसरबाई, गेलं गं एक. त्याला बी लेकरं हायती."

आता त्या सात शेळ्यांचे सांगतो.

माळाखालच्या वस्तीतली माणसे दरसाल दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. ट्रॅक्टरमध्ये कोयते चढतात, भांडी चढतात, लेकरे चढतात. कुत्री मात्र खालीच राहतात. त्यांना सांगतात, घर राख. काय खाऊन राखायचे, ते कोणी सांगत नाही. उत्तरेश्वरचा कुत्रा टिप्या ट्रॅक्टरमागे डांबरी सडकेपर्यंत पळाला. मग परत येऊन कुलपाखाली बसला. शेजारच्या खोपटात उत्तरेश्वरची आई चंद्रभागाबाई अकरा शेळ्या घेऊन मागे राहिली होती. तिला स्वतःलाच दोन भाकरी होत नव्हत्या. त्यातला तुकडा ती टिप्याला टाकायची. महिन्याभरात टिप्याच्या बरगड्या दिसू लागल्या. तशीच आणखी पाच कुत्री होती. ती सहाही टोळीने फिरू लागली. ससे तर त्यांनी आमच्याआधीच संपवले.

आमच्या बिळात तेव्हा चार पिले होती.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी चंद्रभागाबाई रेशनला गेली. परत येऊन पाहते तर बोरीच्या काट्यांच्या कुंपणात सात शेळ्या मरून पडलेल्या. निरोप गेला आणि उत्तरेश्वर कारखान्यावरून आला. वस्तीत मागे राहिलेली पाचसात म्हातारी माणसे जमली. मी ओढ्याच्या काठाला तरवडाच्या झुडपाआड होतो. सगळे ऐकले.

तात्याबाने शेळ्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. "हे लांडग्याचं काम न्हाई."

"मग काय बिबट्या आला व्हय?" उत्तरेश्वर म्हणाला.

"आरं, नरडं बघ. एकाला बी दात न्हाई. समदं मागून फाडलंय. सात मारल्या अन् नेली एक बी न्हाई. लांडगा आसं कावून करंल? ही कुत्र्याची करणी हाय."

"तात्याबा, तुमाला लांडग्याचा लई पुळका. सोयरीक हाय का?"

सगळे हसले. आश्रुबा नावाचा म्हातारा म्हणाला, "आन् लग्नाला आमाला बोलावलं न्हाई बे!"

चंद्रभागाबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आरं उत्तऱ्या, टिप्याला सकाळधरनं भाकर टाकलीया. नुसती हुंगतोय अन् निजतोय. दोन महिने उपाशी कुत्रं भाकर सोडतंय व्हय?"

"दुखणं आलं आसंल त्याला. टिप्या घर राखतोय, आई. घरच्यावर कुठं आळ घेतीस?"

उत्तर समोर पडले होते, शिळ्या भाकरीच्या रूपात. त्याने पाहिले नाही.

मी शिकारीला गेलो, तेव्हा मागे त्याने एका मेलेल्या शेळीत कापसावर फवारायचे औषध ओतले. ती ओढत माळावर आणून टाकली. मग तो गाडी धरून कारखान्यावर निघून गेला.

त्या दिवशी मी रिकाम्या पोटाने परतलो होतो. तीन दिवसांत एक घूस मिळाली होती. माझी जोडीदारीण चार तोंडांना दूध पाजत होती. तिने माझे तोंड हुंगले. काही नाही, हे तिला कळले. मग ती स्वतः निघाली. मी बिळापाशी राखणीला बसलो. मी काही आणले असते तर ती गेली नसती. हे मी रोज स्वतःला सांगतो. त्याने काही बदलत नाही.

सकाळी तात्याबाला ती त्या शेळीपाशी मरून पडलेली सापडली; मी लांबून पाहिले. तो तिच्याजवळ उकिडवा बसला. तिची आचळे दुधाने तटतटलेली होती. "लेकुरवाळी मारली की रं," एवढेच तो म्हणाला. मग खड्डा खणून त्याने तिला आणि त्या शेळीलाही पुरले, म्हणजे आणखी कोणी तोंड लावू नये.

पिले पंचवीस दिवसांची होती. मी पोटातून आणून ओकले. दोघांना गिळता आले, दोघांना आले नाही. आमची गेल्या वर्षीची लेक राखणीला आली, म्हणून तेवढी दोन तरी जगली.

पंधरा दिवस गेले. चंद्रभागाबाई हंडा घेऊन आली आणि कुंपणात दोन शेळ्या फाडलेल्या दिसल्या. तिसरीच्या मांडीला टिप्या लोंबत होता. तिने काठी उचलली. तो तिच्याकडे बघून शेपटी हलवू लागला. तिने काठी खाली ठेवली.

"तूच का रं, माझ्या घरच्या?" ती म्हणाली आणि तिथेच मातीत बसली.

म्हातारीला कमी ऐकू येते. त्यामुळे तिचा फोन आख्ख्या माळाला ऐकू जातो. उत्तरेश्वरला फोन लावून ती ओरडून म्हणाली, "लांडगा न्हवता रं, लेका. आपला टिप्या होता. उपाशी होता त्यो."

 पलीकडून उसाच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग उत्तरेश्वर म्हणाला, "तात्याबाला सांगू नगंस."

एवढेच. माझ्या जोडीदारणीविषयी एक शब्दही नाही.

मित्रांनो, तात्याबाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. बाकीच्यांना मी सांगतो आहे. पुढच्या दिवाळीला ट्रॅक्टर भरताना टिप्यालाही वर घ्या. जागा नसेल तर मागे राहणाऱ्याच्या हाती त्याच्या वाटणीचे पीठ ठेवून जा. त्याला घर राखायला सांगता, मग त्याला जेवायला घाला. आणि शेळी मेली तर आधी तिचे नरडे बघा, मग माझे नाव घ्या.

दिवस मावळताना मी अजूनही लांब हेल काढून ओरडतो. पूर्वी ओढ्याच्या पलीकडून तिचा हेल यायचा. आता वस्तीतून टिप्या भुंकतो.