अस्कलेच्या नळावरची गाळणी

ही हकीकत दोन हजार तीन सालची. मित्रांनो, गोंधळू नका. आमच्या अदिस अबाबाचे पंचांग तुमच्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षे मागे चालते. तुमच्याकडे तेव्हा दोन हजार अकरा उजाडले होते. त्या वर्षी मी अस्कलेच्या स्वयंपाकघरातल्या नळावर बसले.

मी एक जुनी गाळणी आहे. चहाची नव्हे, नळाच्या तोंडाला बसवतात ती, पाण्याची. माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात नारळाच्या करवंटीचा कोळसा भरला आणि दोऱ्याहून बारीक नळ्यांची एक जुडी बसवली. आतले दिसावे म्हणून पोटाला पारदर्शक खिडकी ठेवली आणि कुशीला एक खटका. खटका एका बाजूला केला की पाणी माझ्यातून गाळून यायचे, दुसऱ्या बाजूला केला की मला वळसा घालून तसेच खाली पडायचे.

दुबईच्या एका दुकानातून मला हिरुतने उचलले. ती तिथे एका घरी कामाला होती. आधीच्या पावसाळ्यात तिची आई, अस्कले, पोटाच्या तापाने मरता मरता वाचली होती. लेक परक्या मुलखात, दुसरे कुणी नाही. शेजारच्या लकेचने तिला जवाची पेज भरवली, तिचे कपडे धुतले, उशाशी बसून जागरणे केली. हिरुत सुट्टीवर आली ती मला आणि माझ्या पोटात घालायची एक जादा कांडी कपड्यांत गुंडाळून घेऊन.

मला बसवायला अंगणातल्या तिसऱ्या घरातले बोगालेभाऊ आले. आयुष्यभर बस चालवून ते निवृत्त झाले होते. माझे आटे काही केल्या नळाला बसेनात.

"नळ इटालियनांच्या वेळचा आणि ही परवाची पोर," ते म्हणाले. "सासू-सून एका दमात कधी जुळल्यात का?"

शेवटी दोरा गुंडाळून त्यांनी मला पक्की आवळली. पहिले पाणी पिऊन अस्कले म्हणाली, "अगंबाई, याला तर काहीच चव नाही!"

"तीच तर खरी चव," हिरुत म्हणाली. "आई, आता शपथ घे. याच्याशिवाय दुसऱ्या पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. कुणाच्याही घरी."

"कुणाच्याही?"

"कुणाच्याही. संत मिखाएलची शपथ."

अस्कलेने शपथ घेतली. मित्रांनो, आमच्याकडे मिखाएलची शपथ म्हणजे दगडावरची रेघ. हिरुत निर्धास्तपणे परत गेली आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

रोज सकाळी लकेच अंगणातून हाक मारायची, "अस्कले, कॉफी!" कॉफी म्हणजे काही एक पेला नव्हे. दाणे भाजायचे, कुटायचे, काळ्या मातीच्या सुरईत उकळायचे आणि तीन वेळा ओतायचे. तिसऱ्या ओतणीला आशीर्वाद म्हणतात. तो घेतल्याशिवाय उठणे म्हणजे यजमानिणीचा अपमान. हिरुत गेल्यावर पहिल्यांदा हाक आली तेव्हा अस्कलेने माझ्याखाली एक बाटली भरली आणि पांढऱ्या शालीखाली धरून निघाली. ती लगेच परत आली. बाटली भरलेलीच होती.

संध्याकाळी बोगालेभाऊ माझी गळती बघायला आले, तेव्हा मला सगळे कळले.

"तू कॉफीला पाणी घेऊन गेलीस?" त्यांच्या हातातला पाना तसाच राहिला. "लग्नाला घरची भाकरी बांधून न्यावी तसं?"

"मी शपथ घेतलीय हो भाऊ!"

"अगं, पण कॉफी उकळते ना! सुरईत जंतूंचीसुद्धा कॉफी होऊन जाते. मिखाएलला कळतं ते तुला कळू नये?"

"शपथ ती शपथ. थेंबही नाही म्हटलं म्हणजे नाही."

"आणि लकेच काय म्हणाली?"

अस्कले बराच वेळ ओटा पुसत राहिली. "भाजलेले दाणे तव्यातच ठेवले तिनं. म्हणाली, 'आजारपणात माझ्या हातची पेज प्यालीस, तीही याच पाण्याची होती.'"

बोगालेभाऊंनी पाना फिरवला आणि माझे आटे आवळले.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. तिसऱ्याही नाही. अस्कले एकटीपुरती कॉफी करू लागली. पहिलीच ओतणी व्हायची, मग सुरई कलंडून ठेवलेली असायची. अंगणात दोघी समोरासमोर आल्या की एक कपडे झटकायची आणि दुसरी कोंबड्यांना दाणे टाकायची. हिरुतने घातलेली शपथ मोडवत नव्हती आणि लकेचवाचून करमतही नव्हते. अस्कले माझ्याखाली भांडी धुताना पुटपुटायची, "ती एकदा आली असती तर सांगितलं असतं मी." पण सांगायला जायचे कुणी?

अशात अस्कलेच्या घरी मंडळ भरवायची पाळी आली. दर महिन्याच्या बारा तारखेला मिखाएलच्या नावाने आमच्याकडच्या बायाबापड्या जमतात, पाळीपाळीने एकेकीच्या घरी. आमची आंबवलेली भाकरी इंजेरा, डाळ, कॉफी, सगळे यजमानिणीने करायचे. लकेचही त्याच मंडळातली. त्या दिवशी तरी ती येणार का, याच घोरात अस्कले होती. त्यातच नळाचे पाणी गेले.

आमच्याकडे पाणी जाते ते सांगून नव्हे आणि येते तेही सांगून नव्हे. म्हणून बायका कोरडा नळ उघडाच ठेवतात आणि खाली पत्र्याचे घमेले. पाणी आले की घमेले खणखणते आणि माणूस असेल तिथून धावते. अस्कलेनेही तेच केले. नळ उघडा टाकला, घमेले ठेवले आणि उरलेसुरले पाणी शोधायला दोन रिकामे कॅन घेऊन झऱ्याकडे गेली. खटका माझ्या बाजूला होता, हे तिच्या ध्यानातच आले नाही.

भर दुपारी पाणी आले. आधी नळ खोकला, मग लाल चिखलाचा लोंढा थेट माझ्या पोटात घुसला. माझा श्वास कोंडला. बाहेर पडत होती ती सुतासारखी धार. घमेले खणखणेना, नुसते कुजबुजत राहिले. ती कुजबुज कोण ऐकणार?

अंगणातल्या सामाईक नळाला मात्र माझ्यासारखे कुणी नव्हते, तो दणदणा वाजत होता. लकेचची भांडी भरल्याचे आवाज मी ऐकले. मग तिच्या चपला आमच्या दाराशी येऊन थांबल्या. परत गेल्या. पुन्हा आल्या. आमच्या अंगणात दारांना कुलपे नसत, नुसत्या कड्या. कडी वाजली.

"उद्या मिखाएल आणि घरात थेंब नाही हिच्या," लकेच स्वतःशीच बोलली. मग मला पाहून कमरेवर हात ठेवले. "तूच का ती दुबईची राणी? अगं बये, तुला गाळायचंय की रडायचंय?"

तिने मला इकडून तिकडून दाबले आणि खटका फिरला. धो धो लाल पाणी पडले. ते तिने फरशी पुसायला म्हणून बादलीत धरले आणि स्वच्छ येऊ लागल्यावर अस्कलेचे घरात राहिलेले कॅन लावले. कॅन भरेपर्यंत ती माझ्यासमोर उभी होती. तेव्हा तिची नजर माझ्या पोटाच्या खिडकीवर गेली. आत बोटभर लाल गाळ साचला होता. तिने बोटाने काच पुसून पाहिली. गाळ बाहेर नव्हता, आतच होता.

"हे?" ती हळूच म्हणाली. "हे अस्कलेच्या पोटात जात होतं? आणि माझ्याच हातानं?"

घरातले सगळे कॅन तिने भरले, हंडा भरला, पातेलीसुद्धा भरली. कॅनच्या तोंडांत निलगिरीच्या पानांचे बोळे कोंबले आणि कडी लावून निघून गेली. तासाभरात पाणी पुन्हा गेले.

अस्कले अर्धवट भरलेले दोन कॅन घेऊन धापा टाकत आली आणि दारातच थबकली. पानांचे बोळे पाहून कुणी भरले ते तिला विचारावे लागले नाही. सगळ्या अंगणात तसे बोळे एकटी लकेचच लावायची.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरले, बोगालेभाऊही आले. जमिनीवर हिरवे गवत अंथरले होते, धूप दरवळत होता. लकेच सगळ्यांत शेवटी आली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. अस्कले कॉफीचा पेला देत होती, लकेच घेत होती, पण दोघी बोलत नव्हत्या; पाणी गाळलेले नव्हते म्हणून अस्कलेचा स्वतःचा पेला कोराच होता. दुसरी ओतणी झाल्यावर अस्कले धीर करून म्हणाली, "उद्या तुझ्याकडे, लकेच."

"बाटली घेऊन?"

भाजलेले जव चघळणारी तोंडे थांबली. अस्कले माझ्याकडे बघत राहिली. शपथ इकडे आणि मैत्रीण तिकडे. मग ती वळली आणि म्हणाली, "बोगालेभाऊ, तुमचा पाना आणा. हिला अंगणातल्या नळावर बसवा."

"तुझ्या लेकीनं तुझ्यासाठी आणलीय ती," लकेच म्हणाली.

"म्हणूनच. माझ्यासाठी म्हणजे मी जिथं पिते तिथं. आणि मी तुझ्याकडे पिते. माझी शपथही राहील आणि माझी कॉफीही."

लकेचने शालीच्या टोकाने नाक पुसले. "सुरईतलं आधी ओत. तिसरी थंड होतेय."

बोगालेभाऊंनी त्याच दुपारी जादा कांडी घालून मला अंगणात बसवले. "आता ही तीन घरांची सून," ते म्हणाले. "जास्त छळू नका तिला." तेव्हापासून पहिले गढूळ पाणी बाहेरून सोडायचे आणि मगच खटका फिरवायचा, असा अंगणाचा नियमच झाला. नवी कांडी हिरुत दर सुट्टीला आणायची.

मित्रांनो, ती माझी सोन्याची वर्षे. पुढे बोगालेभाऊ गेले. त्यांच्या दुखवट्याच्या मांडवात आलेल्या साऱ्या लोकांना माझेच पाणी दिले गेले. हिरुत कायमची परतली आणि लग्न करून हवासाच्या सरोवराकाठी राहते. तिला दोन मुली आहेत. रस्त्यासाठी आमचे अंगण पाडले, तेव्हा अस्कले लेकीकडे गेली आणि तिथेच, पिकल्या वयात, झोपेत गेली. लकेचला शहराच्या टोकाला चौथ्या मजल्यावर घर मिळाले. सामान बांधताना तिने सगळ्यांत आधी मला उचलले. माझ्या मापाची कांडी आता कुठेच मिळत नाही, म्हणून मी तिच्या खिडकीत नुसती बसून असते. काही वर्षे माझ्यावर धूळ साचली होती. हल्ली ती मला शनिवारी पुसते आणि पुसताना अस्कलेशी बोलावे तशी माझ्याशी बोलते.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिच्याकडे लक्ष असू द्या. गढूळ पाणी तिच्यावर लादू नका, तिचे पोट वेळेवर बदला. थकलेली गाळणी पाणी राखत नाही, उलट बिघडवते. आणि ती बसवताना शेजारच्या घरालाही विचारा. माझ्यातून किती पाणी गेले ते मला ठाऊक नाही. पण ते कुणाच्या घशाखाली उतरले ते एकेक नावानिशी ठाऊक आहे. कारखान्यातल्या माझ्या साऱ्या बहिणींना एवढे भाग्य लाभले नसेल.