अजून दबलेलंच वाटतंय

मी शिकले चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण माझ्या कानाला नाव ठेवणारा अजून जन्माला यायचाय, असं चाळीस वर्षं मी सगळ्यांना ऐकवत आले, आणि त्यातली बरीच वर्षं ते खरंही होतं.

आमचे हे थिएटरात मशीन चालवायचे. नवा सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी मला रिकाम्या थिएटरात शेवटच्या रांगेत बसवायचे आणि वरच्या खिडकीतून ओरडायचे, "बोल!" मी बोलायचे. "म्हातारा नाकातून बोलतोय." "बाईची पावलं ऐकू येतात, शब्द नाही." मग हे पडद्यामागे जाऊन काहीतरी पिळायचे आणि पुन्हा "बोल!" एकदा मालकाने सुटाबुटातला इंजिनियर आणला. त्याने तारा लावल्या, काटे बघितले आणि सगळं ठीक आहे म्हणाला. ह्यांनी त्याच्यादेखत मला विचारलं. मी म्हटलं, डावीकडचा घसा बसलाय. उघडून बघतात तर आत उंदराने वायर कुरतडलेली. त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली ती पुन्हा खाली आलीच नाही.

थिएटर बंद पडलं तेव्हा पडद्यामागचे दोन भोंगे भंगारात चालले होते. ह्यांनी ते हातगाडीवर घालून घरी आणले. पत्र्याचे, तोंड एवढं मोठं की नात आत पाय दुमडून बसायची. खाली जाड आवाजाची लाकडी खोकी, प्रत्येक खोकं कपाटाएवढं. पुढची खोली भरून गेली.

"पाहुणे आले की भोंग्यातच बसवू ना?" मी म्हटलं.

"बसव. तुझे भाऊ आले तर नक्की बसव," हे म्हणाले.

काही वर्षं भोंग्यांवर चादरी होत्या. मग ह्यांचे गुडघे गेले, बाहेर जाणं कमी झालं आणि चादरी निघाल्या. थिएटरासाठी केलेली वस्तू खोलीत बसवायची तर सगळंच बदलावं लागतं, असं ह्यांचं म्हणणं. पत्रा वाजू नये म्हणून भोंग्यांना बाहेरून डांबर आणि लोकरीचा जाड नमदा लावला. खोकी कापून लहान केली. आवाज वाटून देणारी एक पेटी असते, जाड आवाज खाली आणि बारीक वर पाठवणारी. तिच्यातले सुकलेले भाग काढून नवे घातले. सहा महिने घरात तारांना कथलाचा डाग देण्याचा वास होता. सूनबाई काही बोलली नाही, मी तिच्या वाटणीचंही बोलले.

पहिल्यांदा लावलं तो दिवस मला आठवतो. दुपारची वेळ होती. कोणीतरी बाई गात होती, जुनी रेकॉर्ड. सूनबाई हातात ओला टॉवेल घेऊन दारात आली ती तिथेच उभी राहिली. म्हणाली, "बाबा, ती इथे खोलीत बसलीय असं वाटतंय." ह्यांचे डोळे चमकले. पण त्यांनी सुनेकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"बोल."

मी कानात प्राण आणून ऐकत होते. बाई गात होती खरी, पण माझ्यापर्यंत येताना कोणीतरी तिच्या तोंडावर उशी धरली होती.

"दबलंय," मी म्हटलं.

आता खरं काय ते लिहिते. त्याच्या आदल्या वर्षीपासून केटलची शिट्टी मला ऐकू येत नव्हती. सूनबाई "आई, साखर संपली" म्हणायची आणि मला "आखर अंपली" ऐकू यायचं. मी म्हणायचे, तोंडात गोळी धरून बोलू नकोस. मुलगा सात वाजता येतो म्हणायचा, मला आत येतो ऐकू यायचं, आणि तो बाहेर का उभा आहे म्हणून मी दार उघडायला जायचे. सगळी माणसं एकदम पुटपुटायला कशी लागली, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. किंवा पडला आणि मी त्याला झाडून बाहेर काढला.

ह्यांनी पेटी पुन्हा उघडली. बारीक आवाजाला लगाम घालणारा एक भाग होता, तो काढून टाकला. "बोल." अजून दबलेलंच वाटतंय, मी म्हटलं. आणखी काहीतरी बदललं. त्या वेळी नात भोंग्यासमोर अभ्यास करत होती. गाणं सुरू झालं तशी तिने दोन्ही हात कानांवर ठेवले.

"आजोबा, टोचतंय!"

मी ते बघितलं. माझ्या दोन डोळ्यांनी बघितलं. पोरीला टोचतंय ते मला ऐकूच येत नाही, हे त्या क्षणी मला लख्ख कळलं. हे कधी नातीकडे, कधी माझ्याकडे बघत होते.

"मलाही थोडं टोकदार वाटतंय गं," हे म्हणाले. "तू काय म्हणतेस?"

तिथे मी म्हणू शकले असते. चार शब्द होते, मला ऐकू येत नाही. पण सूनबाई दारात होती, मुलगा खुर्चीत होता, आणि सगळे माझ्या निकालाची वाट बघत होते. चौथी नापास बाईच्या निकालाची वाट बघणारी माणसं जगात कितीशी असतात?

"पोरीचं काय ऐकता," मी म्हटलं. "अजून दबलेलंच आहे."

मग ह्यांनी परदेशातून नवे पडदे मागवले. भोंग्याच्या मागे, जिथून आवाज निघतो, तिथे कांद्याच्या सालीएवढा पातळ धातूचा पडदा असतो. भोंग्यांतले जुने पडदे पन्नास वर्षांचे होते, तसे आता कोणी करत नाही. ते काढायला ह्यांनी दोन दिवस घेतले. श्वास रोखून काढत होते. तरी एकाला चीर गेली आणि दुसरा हातातच मुडपला. ह्यांनी दोन्ही एका डबीत जपून ठेवले. मग म्हणाले, "असू दे. तुला ऐकू यायला हवं ना नीट." हे वाक्य त्यांनी कुठल्या अर्थाने म्हटलं आणि मी कुठल्या अर्थाने ऐकलं!

नवे पडदे कडक होते. ते लावल्यावर मला थोडं बरं ऐकू आलं. "आता कसं बोललात," मी म्हटलं. ह्यांनी लगेच मेकॅनिक भावोजींना बोलावलं. भावोजी म्हणजे थिएटरातला ह्यांचा जोडीदार, यंत्रं दुरुस्त करणारा, तोंडाने फटकळ पण हाताने सोनं. भोंगे चांगले जमले तर थिएटरातल्या सगळ्या जुन्या माणसांना गोळा करायचं आणि ऐकवायचं, असं दोघांचं ठरलं होतं. यादीही झाली होती. दोघं-तिघं तर काठी टेकत येणार होते.

भावोजी आले, बसले, गाणं लागलं. अर्ध्या मिनिटात त्यांनी डोळे मिटून घेतले, दाढ दुखल्यावर मिटतात तसे.

"बंद कर," ते म्हणाले. "अरे, हे गाणं आहे की पत्रा कापतोयस? जुने पडदे कुठायत?"

ह्यांनी डबी आणून दाखवली. भावोजींनी ती उघडली, चीर गेलेला पडदा दोन बोटांत धरला आणि पुन्हा आत ठेवला.

"तुला हे ऐकू येत नव्हतं?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"मला टोचत होतं," हे म्हणाले. "पण हिला बरोबर वाटत होतं. मग माझंच चुकत असणार. हिचा कान तुला माहीत आहे." डबी बंद करत म्हणाले, "वय झालं रे. माझे कान गेले."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.

यादी फाडली गेली. पुढच्या महिन्यात भोंगे भावोजी घेऊन गेले. पुढची खोली रिकामी झाली, सोफा आला, सगळे म्हणाले किती मोकळं वाटतं. त्यानंतर ह्यांनी गाणंच लावलं नाही. रेडिओसुद्धा नाही. नात गुणगुणली की म्हणायचे, "छान गातेस असं वाटतंय. आजीला विचार, मला काही कळत नाही त्यातलं." ज्या माणसाने चाळीस वर्षं हजार माणसांना सिनेमा ऐकवला, तो माणूस!

दोन वर्षांनी सूनबाईने मला धरून तपासणीला नेलं, कारण रस्त्यात मागून आलेल्या सायकलची घंटी मला ऐकू आली नाही आणि मी धडपडले. कानात मशीन बसलं. घरी आल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "कधीपासून गं ऐकू येत नव्हतं?"

"ह्या हिवाळ्यात सर्दी झाली ना, तेव्हापासून," मी म्हटलं. जिभेला हाड नाही ते असं.

"मग ठीक," हे म्हणाले. "म्हणजे भोंग्यांच्या वेळी तुझा कान शाबूत होता." आणि माझ्यासाठी त्यांना बरं वाटलं. माझ्यासाठी!

परवा भावोजींचा फोन आला. कुठल्यातरी बंद पडलेल्या थिएटरातून त्यांना तसेच जुने पडदे मिळाले होते. बसवले, लगाम पुन्हा घातला, भोंगे पहिल्यासारखे बोलायला लागले. रविवारी सगळ्यांना बोलावलंय, तू ये, म्हणाले. हे म्हणाले, "मी येऊन काय करू? माझ्या कानांना काय कळणार?" आणि फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू असलेला.

मी समोर जाऊन बसले.

"अहो, ऐका. तुमचे कान ठीक होते. माझे गेले होते. तेव्हाच गेले होते, भोंग्यांच्याही आधी. मला ठाऊक होतं, तरी मी तुम्हाला सांगत राहिले."

एवढं बोलायला मला तीन वर्षं लागली. हे हसले, इतक्या मायेने की मला तोंड कुठे लपवावं कळेना.

"राहू दे गं. माझं मन राखायला एवढं खोटं कशाला बोलतेस?"

"खोटं नाही. तपासणीचा कागद दाखवते."

"कागद ह्या वर्षीचा आहे. तूच म्हणालीस, सर्दीपासून." त्यांनी माझा हात थोपटला. "चाळीस वर्षं ओळखतो तुला. चूक तुझी असती तर तू जन्मात कबूल केली असतीस का?" मग फोनकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस का रे? मला रविवारी आणायला हिने बघ काय काढलंय!"

फोनमधून भावोजी हसले. हेही हसले. किती दिवसांनी हसले. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, तर ते आणखी हसले.

मग भावोजी म्हणाले, "वहिनी, तो नाही तर तुम्ही तरी या रविवारी. पुढची खुर्ची तुमचीच."

मी नाही म्हटलं. कुठल्या तोंडाने जाणार?