पोस्टमनला ठाऊक आहे

विद्यापीठाच्या भूगोल विभागाने त्या शनिवारी आपलं सभागृह आसपासच्या लोकांसाठी उघडं ठेवलं होतं. खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या आणि जमिनीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्या भागाचा भलामोठा नकाशा अंथरला होता. दारात बूट काढायचे, नकाशावरून चालत जायचं, आपलं घर शोधायचं आणि काही चुकलं असेल तर मार्कर घेऊन फिरणाऱ्या मॅडमना सांगायचं, असा बेत. चांगली मोठी माणसं मोजे घालून आपापल्या छपरांवर उभी होती आणि शेजाऱ्यांना हाका मारत होती.

निवृत्त पोस्टमन मात्र घाम पुसत होता. एकतीस वर्षं ज्या भागात त्याने टपाल वाटलं, तो सगळा भाग त्याच्या पायांखाली होता. नेमकी त्याची स्वतःची गल्ली तेवढी नव्हती. पाण्याच्या टाकीमागे नुसता हिरवा डाग.

"तिथे झाडं आहेत," मॅडम म्हणाल्या. "नकाशा विमानातून काढलेल्या फोटोंवरून केलाय. झाडांखालचं दिसत नाही."

"झाडांखाली चौदा घरं आहेत! मी राहतो तिथे. काढा पटकन."

"काढते की. पण काका, नियम आहे. वेगवेगळ्या घरांतल्या निदान दोघांनी येऊन सांगायला हवं. पाचला आम्ही नकाशा बंद करतो. सोमवारी तो अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांकडे जाणार. यापुढे त्यांच्या गाड्या यावरच चालणार आहेत."

अ‍ॅम्ब्युलन्सचं नाव निघताच त्याने भिंतीकडे पाहिलं. तिथे खुर्चीवर त्याची बायको बसली होती. डावा हात मांडीवर ठेवलेला, जिथे ठेवला तिथेच.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेवर निघाली, पण टाकीभोवती चाळीस मिनिटं घिरट्या घालत राहिली. ड्रायव्हर फोनवर गल्लीचं नाव विचारत होता, आणि गल्लीला नावच नव्हतं. पोस्टमन त्या दिवशी परगावी होता. बायको वाचली. हात मात्र गेला तो गेलाच.

गल्लीला नाव का नव्हतं, हे एकट्या पोस्टमनला माहीत होतं. फार पूर्वी पाट्या लावणारे लोक आले होते. कोणतं नाव देऊ, असं त्यांनी त्यालाच विचारलं. त्याने छाती पुढे काढून सांगितलं, "पाटी कशाला? मी आहे ना!" पाकिटांवर माणसाचं नाव आणि खाली 'पोस्टमनला ठाऊक आहे' एवढंच लिहिलेलं असायचं, तरी पत्र बरोबर पोचायचं. असली पाकिटं तो टपाल कचेरीत सगळ्यांना दाखवत मिरवायचा. अशी मिजास दुसऱ्या कुणाची असती, तर त्यानेच नावं ठेवली असती. आता ते पाटीचं त्याला आतल्या आत खात होतं, आणि त्याने ते कुणापाशी, बायकोपाशीही, कधी काढलं नव्हतं.

"उभे काय राहिलात असे?" बायको म्हणाली. "तीन वाजले. जा, आणा कुणालातरी."

"अगं, मला एक सांगायचंय." आणि तो घडाघडा बोलून गेला.

तिने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "माझ्या हाताचं नंतर बघू. आधी जा. आणि जे मला सांगितलंत, ते त्यांनाही सांगा."

तो गेला. दोघं पुरे होते, पण एक घर सोडून पुढे जायची त्याच्या पायांना सवयच नव्हती. जन्मभर या दारांशी त्याने दुसऱ्यांचे निरोप आणले होते; स्वतःसाठी काही मागायला तो पहिल्यांदाच उभा होता. पहिल्या घरातला गवंडी म्हणाला, "काका, पिशवी कुठे?" चौथ्या घरातल्या आजोबांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. सातव्या घरातली शिवणकाम करणारी बाई पाटीची गोष्ट ऐकून मशीन थांबवून बसली.

"माझ्या बाबांच्या वेळीही अ‍ॅम्ब्युलन्स वाट चुकली होती," ती म्हणाली.

त्याला मान वर करवेना. "मला माहीत आहे," तो म्हणाला.

तिने दोरा दातांनी तोडला, दिवा बंद केला आणि चपला घातल्या. "चला. पाच वाजतील."

पावणेपाचला सभागृहाच्या दाराशी चपलाबुटांचा ढीग पडला. पोस्टमनने एकेकाला त्या हिरव्या डागावर नेऊन उभं केलं. "तू इथे. जरा मागे सरक, तुझं दार आत आहे. आजोबा, तुम्ही वळणावर." चौदा घरांतली माणसं दोन रांगांत समोरासमोर उभी राहिली आणि मधे मोकळी वाट उरली. वाकडीतिकडी होती, पण तिच्यातून कुणीही सहज चालत गेलं असतं. मॅडम गुडघ्यांवर बसल्या आणि पावलांच्या कडेने मार्कर फिरवत वळणापर्यंत सरकत गेल्या. पायांची बोटं मागे घेत सगळे हसत होते.

"आणि नाव?" त्यांनी विचारलं.

"पोस्टमन गल्ली!" गवंडी ओरडला. टाळ्याही पडल्या. पोस्टमनच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. खोटं कशाला बोला, एवढं झालं तरी तो सुखावला होता.

"मुळीच नाही," भिंतीकडून आवाज आला. बायको काठी टेकत नकाशावर आली. "उद्या हे पुन्हा म्हणतील, मी आहे ना! टाकी सगळ्यांना दिसते. टाकीमागची गल्ली, बस्स."

मॅडमनी मार्कर पोस्टमनच्या हातात दिला. तो खाली बसला आणि पाकिटावर लिहावं तशा बारीक, नेटक्या अक्षरात नाव लिहू लागला.

बायकोने उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"मोठ्ठं लिहा हो," ती म्हणाली. "येणारा माणूस नवीन असेल."