जाड नळी

बाबांची जुनी गाडी माझ्या गॅरेजात उभ्या जागी थंडी भरल्यासारखी थरथरत होती. रेस दिली की सुतासारखी सरळ, पाय काढला की पुन्हा तेच.

"प्लग बदल," बाबा म्हणाले. जन्मभर शिंपीकाम केलं, पण इंजिन मात्र मलाच शिकवणार!

मी बॉनेट उघडलं. आतून फुस्स आवाज येत होता, म्हणजे इंजिन कुठून तरी बाहेरची हवा ओढत होतं. एकेका नळीवर स्प्रे मारत गेले. मागच्या जाड नळीवर मारला आणि इंजिनाचा सूर एकदम बदलला. इंजिन बंद करून नळी वाकवली, तर खालून लांबलचक चीर. कात्रीची. बाबा शिवायचे, पण कापड कापायची आई; इतकी सरळ चीर आमच्या घरात तिचाच हात मारतो.

मी बाजूला जाऊन आईला फोन लावला.

"हो, मीच कापली," ती फणकारली. "समोरचं माणूस दिसत नाही त्यांना, तरी गाडी सोडवत नाही. म्हटलं, इंजिन बिघडलं की बसतील घरी. सगळ्यांत जाड दिसली तिला कात्री लावली."

"आई, अगं, ब्रेकला जोर देणारी नळी आहे ती!"

पलीकडून बारीक आवाज आला, "आज छकुलीला शाळेतून कोणी आणलं?"

मागच्या सीटवर माझी छकुली दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

"आणि हो," बाबा चष्मा पुसत म्हणाले, "ब्रेकही बघ जरा. हल्ली दोन्ही पायांनी दाबावा लागतो."