उताराच्या पायथ्याचा फ्लॅट

सूर्यकांतरावांचं बंगळुरूत, मल्लेश्वरममध्ये स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. जन्मभर त्यांनी गल्ल्यावर बसून गिऱ्हाईकं झेलली. हा कुकर दाखवा, याहून मोठा दाखवा, याहून लहान दाखवा, आणि शेवटी ‘सरी, बरं, उद्या येते’ म्हणून निघून जायचं. साठी उलटली तशी त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं, जुनं घर विकलं आणि येलहंकाच्या पुढे चौदाव्या मजल्यावर राहायला गेले. तिथेही बेल वाजायचीच. कुरिअर, कचरा, पाण्याचा कॅन, गणपतीची वर्गणी. आता त्यांना जगात एकच गोष्ट हवी होती. जिथे कुणी म्हणजे कुणी येणार नाही अशी जागा.

त्यांच्या बायकोचं, कस्तुरीबाईंचं दुखणं नेमकं उलटं होतं. मल्लेश्वरमला त्यांच्या घराचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. इथे हळदीकुंकवाला बोलावलं तरी शेजारीण आधी मेसेज करून विचारायची, ‘आता आले तर चालेल ना?’ कस्तुरीबाई मग लिफ्टमध्ये जो भेटेल त्याच्याशी बोलायच्या, आणि विषय संपला नाही तर त्याच्याच मजल्यावर उतरायच्या.

अशात सूर्यकांतरावांना संतोषकुमार भेटला. चिकपेटेतल्या जुन्या मराठी घरातला, घरं विकणारा, बोलण्यात लोण्यासारखा.

“अण्णा, तुम्हाला पाहिजे ती जागा माझ्याकडे आहे. उत्तराखंडात, बर्फात. ‘हिमशांती’ नाव. स्की-इन, स्की-आउट.”

“म्हणजे?”

“म्हणजे दारातनंच बर्फ सुरू. पायात स्की घालायच्या आणि निघायचं.”

“आम्हाला कुठे येतं ते?”

“नाही तर नाही. बाल्कनीत बसायचं. स्वल्प कॉफी, स्वल्प डोंगर. माणूस दिसणार नाही अण्णा.”

“माणूस दिसणार नाही तिथे मी काय करू?” कस्तुरीबाई आतून म्हणाल्या. “यांच्याकडे बघत बसू?”

शेवटी ठरलं असं की जानेवारीत त्याच फ्लॅटमध्ये चार दिवस राहून बघायचं. कस्तुरीबाईंना पसंत पडलं नाही तर विषय कायमचा बंद. त्यांनी बॅगेत रवा, पोहे, चटणीपूड, कॉफीचा फिल्टर असं सगळं भरलं. स्वेटर सूर्यकांतरावांच्या बॅगेत गेले.

पहिली संध्याकाळ सूर्यकांतरावांच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती. तळमजल्याचा फ्लॅट, समोर रुंद बाल्कनी, तिला पुढून कठडाच नाही, आणि तिथूनच वर चढत गेलेला पांढराशुभ्र उतार.

“ऐकलंस?” ते कुजबुजले.

“काय?”

“काहीच नाही!”

“तेच म्हणतेय मी,” कस्तुरीबाई म्हणाल्या आणि शाल डोक्यावरून घेऊन झोपायला गेल्या.

सकाळी सूर्यकांतराव कॉफी घेऊन बाल्कनीत बसले. उताराच्या माथ्यावर एक लाल ठिपका दिसला. ठिपका मोठा होत गेला. त्याला हात फुटले, पाय फुटले, मग उघडलेलं तोंडही दिसायला लागलं. सूर्यकांतराव कपासकट उठून भिंतीला चिकटले. ठिपका त्यांच्या शेजारून सुसाट बाल्कनीत आला, उघड्या दारातून हॉलमध्ये शिरला आणि सोफ्यावर जाऊन थडकला.

“आई गं!”

मराठी ऐकून कस्तुरीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. “कोण रे बाळा तू?”

“सॉरी काकू! आज पहिलाच दिवस आहे. मला थांबायचं अजून शिकवलंच नाहीये.”

त्याचं नाव यशोवर्धन. मूळचा पुण्याचा, नोकरी बंगळुरूत, राहायला व्हाइटफील्डला.

“अगोबाई! व्हाइटफील्डला राहतोस आणि येलहंकाला आमच्याकडे कधी आला नाहीस?”

“काकू, ट्रॅफिक...” तो सोफ्यातून पाय सोडवत म्हणाला. कस्तुरीबाईंना ते पटलं. त्यांनी त्याच्यापुढे उप्पिटाची बशी ठेवली.

प्रकार असा होता की नवशिक्यांचा उतार बरोबर या बाल्कनीशी संपत होता. दुपारपर्यंत आणखी तिघं आली. त्यात एक बँक मॅनेजर होता, तो पडल्या पडल्या माफी मागायला लागला आणि खाऊन होईपर्यंत मागत राहिला. एक नवी नवरी आली, आणि तिला शोधत मागोमाग तिचा नवरा, तोही तसाच. दुसऱ्या दिवशी कस्तुरीबाईंनी बाल्कनीत हिमशांतीच्या सगळ्या गाद्या अंथरल्या आणि सकाळीच मोठी कढई चढवली. स्कीचा मास्तर माथ्यावर उभा राहून शिकवायला लागला, “थांबता नाही आलं तर घाबरू नका, सरळ जा. खाली आंटी आहेत.”

यशोवर्धन आला तेव्हापासूनच सूर्यकांतराव वर्तमानपत्र घेऊन बाथरूममध्ये बसले होते. ते फक्त जेवायला बाहेर येत, आणि जेवायला त्यांना जागा नसे.

बंगळुरूला परतल्यावर कस्तुरीबाई म्हणाल्या, “घेऊन टाका.”

“मुळीच नाही,” सूर्यकांतराव म्हणाले.

संतोषकुमारला घरातलं हे बोलणं माहीत नव्हतं. तो अक्कांची समजूत काढायच्या तयारीनेच आला. “अक्का, बर्फावरनं कोणकोण घरात येतात असं कळलं. काळजीच नको. बाल्कनीपुढे भिंत घालून देतो.”

“भिंत घातलीस तर मी तिथे पाऊल ठेवणार नाही.”

“भिंत घाल,” सूर्यकांतराव म्हणाले, “आत्ता सही करतो.”

संतोषकुमारने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. नवऱ्यासाठी बायकोला आणि बायकोसाठी नवऱ्याला त्याने पुष्कळदा पटवलं होतं. पण दोघांनी आपसात बाजू बदललेली तो पहिल्यांदाच बघत होता. “मागच्या अंगाला एक आहे अण्णा,” तो चाचरत म्हणाला. “समोर नुसता खडक. ऊनसुद्धा येत नाही.”

सूर्यकांतरावांचे डोळे चमकले. “तो दे!”

“घ्या,” कस्तुरीबाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही मागे राहा, मी पुढे राहते. जेवायला येताना मात्र आधी मेसेज करा.”

व्यवहार तिथेच अडला. पंधरवडाभर घरात कुणी डोंगराचं नाव काढलं नाही.

मग एका संध्याकाळी सूर्यकांतराव दुधाची पिशवी घेऊन खालून चौदाव्या मजल्यावर आले. मागोमाग दुसरी लिफ्ट उघडली, तर आत कस्तुरीबाई आणि शेजारचा एक तरुण. कस्तुरीबाई त्याला बर्फात पडलेल्या बँक मॅनेजरची गोष्ट सांगत होत्या, हातवारे करून, रंगात येऊन. तो मान हलवत होता. मध्येच तो मोठ्याने म्हणाला, “हां सर, उद्या सकाळी पाठवतो.” त्याच्या कानात फोनचे बोळे होते. त्याने कस्तुरीबाईंकडे पाहून पाहून ओळखीचं हसल्यासारखं केलं आणि आपल्या दारात शिरला. कस्तुरीबाई हात तसाच वर धरून उभ्या होत्या.

“मग?” जिन्याच्या तोंडाशी उभे असलेले सूर्यकांतराव म्हणाले. “मॅनेजर पडला, पुढे?”

“तुम्हाला माहितीय की.”

“मी बाथरूममध्ये होतो. मला काय माहीत?”

दुसऱ्या दिवशी सूर्यकांतरावांनी संतोषकुमारला फोन केला. पुढचाच फ्लॅट, भिंत नको. फक्त आतल्या खोलीला जाडजूड लाकडी दार हवं, आणि आतून कडी.

पुढच्या जानेवारीत ते दार पहिले दोन दिवस घट्ट बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सूर्यकांतराव खुर्ची उचलून बाल्कनीच्या कोपऱ्यात येऊन बसले. कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आत गारठा आहे.

माथ्यावरून एक जाडजूड गृहस्थ निघाले ते थेट खालीच.

“निधान! निधान!” सूर्यकांतराव उठून ओरडले. घाईत तोंडून कानडीच निघालं, हळू, हळू.

“ब्रेक एल्लिदे?” गृहस्थांनीही कानडीतच ओरडून विचारलं, ब्रेक कुठे आहे?

सूर्यकांतरावांनी खुर्ची बाजूला ओढली आणि दार पूर्ण उघडलं.

“किती जण?” कस्तुरीबाईंनी आतून विचारलं.

“एक. मागून आणखी एक येतोय, पण तो वळेल बहुतेक.”

“बघा नीट. मी रवा भाजायला घेतलाय.”

सूर्यकांतरावांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं.

“दोन,” ते म्हणाले.