उभ्या वाचकांचं दुकान

कुणी मन लावून वाचायला लागलं, की गोसावीबाईंचं पुस्तकांचं दुकान लांब होत असे. फार नाही, पानामागे बोटभर. सकाळी कुलूप काढताना ते सांगलीतल्या हरभट रोडमागच्या बोळातल्या कुठल्याही गाळ्याएवढंच असायचं. पण चार माणसं उभ्याने वाचायला लागली की दुपारपर्यंत मागची भिंत नजरेआड जायची. शेजारच्या भडंगवाल्याची काही तक्रार नव्हती. दुकान आतल्या आत लांबत होतं, त्याच्या कढईला धक्का लागत नव्हता.

एकदा घरपट्टीसाठी मोजणीदार टेप घेऊन आला. मोजता मोजता त्याची नजर कुस्तीवरच्या एका पुस्तकावर गेली. त्यानं ते उघडलं, आणि टेप पुरेना. दुसरा टेप आणण्याऐवजी त्यानं पुस्तक संपवलं. बाईंनी त्याला चहा पाजला आणि कागदावर काय लिहिलंत म्हणून विचारलं.

“मोजणी चालू आहे, असं लिहिलंय,” तो म्हणाला.

बाईंच्या दुकानात खुर्ची नव्हती. बसलेला माणूस पेंगतो, असं त्यांचं मत होतं. संध्याकाळी त्या साडीचा पदर खोचून लेडीज सायकल काढायच्या आणि घंटी वाजवत आत जायच्या. लांब गेलेल्या वाचकांना गोळा करून आणायला. एक प्राध्यापक जाडजूड इतिहासात शिरले होते, ते इतके आत गेले की त्यांच्या घरून डबा यायचा. मोबाइलचं दुकान काढायला गाळा आम्हाला द्या, असं सांगायला दोघं भाऊ आले होते. बाईंनी दोघांच्याही हातात एकेक पुस्तक ठेवलं. एक भाऊ परत गेला. दुसरा अजून आतच होता.

हे सगळं दिगंबर आवटीला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याला बाईंविषयी देवाइतका आदर होता आणि देवाइतकीच भीती. दिगंबर दूध संघात कारकून होता. त्यानं स्वतःच्या खर्चानं एक कथासंग्रह काढला होता. नाव होतं ‘क्षितिजापलीकडचे उंबरठे’. दूध संघातले लोक “घेऊ की” म्हणाले होते. घेऊ की, याचा अर्थ तुम्ही द्या. त्यानं सगळ्यांना सप्रेम भेट दिली, आणि सगळ्यांनी ती सप्रेम ठेवून दिली. बायकोनं, वसुधानं, पुस्तक उघडलं नव्हतं, पण दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल वाहिलं होतं.

बाईंनी मात्र कुरकुर न करता एक प्रत दारालगतच्या फळीवर लावली. नवं पुस्तक, मग ते कुणाचंही असो, बाईंकडे दारालगतच लागत असे. पुढचं काय ते दुकान बघून घ्यायचं. ज्या पुस्तकाचं पान दिवसभरात कुणी उलटलं नाही, ते दुसऱ्या सकाळी एक फळी मागे गेलेलं असायचं. कुणी हात न लावता, आपोआप. असं मागे जात जात पुस्तक शेवटच्या भिंतीला टेकलं, की पलीकडे जाई.

“पलीकडे काय आहे?” दिगंबरनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“रद्दीवाला आहे म्हणतात. मी काही बघितलं नाही,” बाई म्हणाल्या. “पण एक सांगते आवटी. पुस्तक पलीकडे गेलं, की लेखक सकाळी उठतो तो लिहिलेलं विसरूनच. ते फरशीवाले कुलकर्णी आहेत ना? चांगल्या कविता करायचे. परवा मी विषय काढला, तर म्हणाले, ‘कविता? मी? छे हो.’ तब्येत मात्र सुधारलीय.”

दिगंबरला तब्येत नको होती. त्या पुस्तकात त्यानं बारा वर्षांच्या सकाळी घातल्या होत्या. एक तरी माणूस ते वाचो, एवढंच त्याचं मागणं होतं. रोज ऑफिस सुटलं की तो दुकानात येई, दुसरंच काहीतरी चाळत उभा राही आणि तिरक्या नजरेनं आपलं पुस्तक कुठवर गेलं ते बघे.

मग त्यानं सगळे लेखक करतात तेच केलं. आपली प्रत उचलली आणि दारातल्या स्पर्धा परीक्षेच्या गठ्ठ्यावर, मुखपृष्ठ वर करून ठेवली.

“पुढं आणलंत होय?” बाईंनी गल्ल्यावरूनच विचारलं.

“कोण? मी? नाही बाई.”

“बरं.”

सकाळी पुस्तक दोन फळ्या मागे गेलं होतं.

अखेर एका संध्याकाळी ते शेवटच्या फळीवर दिसलं. “उद्या जाणार हो,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. आजाऱ्याच्या घरी बोलावं तसं. दिगंबर बाहेर गेला, कोपऱ्यावरून माकडटोपी घेऊन आला, भर एप्रिलमध्ये ती कानांवरून ओढली आणि शेवटच्या फळीशी जाऊन त्यानं स्वतःचंच पुस्तक वाचायला घेतलं. वाचक तो वाचक. दुकानाला काय कळतंय?

पहिलं पान त्याला आवडलं. त्याबरोबर मागची भिंत बोटभर पुढे आली. दुसरं पान त्याला फारच आवडलं. भिंत वीतभर आली. लेखक स्वतःचं वाचायला लागला की हे दुकान आखडतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण बाईंच्या दुकानात असं करण्याची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. त्यानं मान वर केली तेव्हा लांबलेल्या दुकानातले सगळे वाचक फळ्यांसकट त्याच्याकडे सरकत होते. मोबाइलवाला भाऊही पुस्तकासकट आला. त्याला आता दाढी होती.

“आज काय वार?” त्यानं विचारलं.

“गुरुवार.”

“मग राहू दे,” तो म्हणाला आणि परत पुस्तकात गेला.

माणसांना माणसं टेकली. कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. दिगंबरच्या पाठीला गार भिंत लागली.

“आवटी!” गर्दीपलीकडून बाईंचा आवाज आला. “स्वतःचं वाचताय होय?”

“नाही बाई.”

“टोपी घालून वाचताय.”

दिगंबरनं पुस्तक मिटायला घेतलं.

“मिटू नका!” बाई ओरडल्या. “भिंत तुमच्या पाठीला आहे. मिटलं की गेलं.”

“मग काय करू?”

“उघडं धरा, आणि डोळे मिटा.”

पुढे वाचलं तर दुकान सगळ्यांना चिरडणार होतं. मिटलं तर पुस्तक जाणार होतं. दिगंबरनं हात छातीसमोर ताठ केले, पुस्तक बाहेरच्या बाजूला वळवलं आणि डोळे घट्ट मिटले. देवळात आरसा धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखा तो दिसत होता.

त्याच्या पुढ्यात नेमगोंडा पाटील अडकले होते. अण्णा म्हणत त्यांना. जन्मभर हळदीची अडत केलेला माणूस. शर्टाला अजून हळदीचा वास. त्यांचं स्वतःचं पुस्तक गर्दीत कुणाच्या तरी पाठीशी दाबलं गेलं होतं आणि मान वळवायला जागा नव्हती. समोर फक्त दिगंबरनं उघडं धरलेलं पान होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग अण्णांनी नाकातून एक आवाज काढला.

“ओ टोपीवाले. हात हलवू नका.”

दिगंबरनं कोपरं आणखी ताठ केली.

“हं. उलटा.”

त्यानं डोळे मिटूनच अंगठ्यानं पान उलटलं. दुकान कुठेतरी कुरकुरलं.

“हे क्षितिज-बितिज कशाला घातलंय?” अण्णा म्हणाले. “उलटा. सूर्य मावळतोय, मावळू दे. उलटा. हां, हे सायकल दुकानाचं बरं आहे. हा म्हातारा कोण?”

“माझे काका,” दिगंबर म्हणाला आणि जीभ चावली.

“गप्प बसा की. मी वाचतोय.”

जन्मात दिगंबरशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. पानामागून पान गेलं. अण्णा कधी घसा खाकरत, कधी “लबाड” म्हणत. म्हाताऱ्याला की लेखकाला, ते कळायला मार्ग नव्हता. एकदा त्यांनी नाक शिंकरलं. दिगंबरच्या पाठीवरून भिंत सुटली. कोपरं बरगड्यांतून निघाली, मोबाइलवाल्याची पावलं दूर दूर गेली, वारा खेळू लागला. खूप लांबून बाईंच्या सायकलची घंटी ऐकू आली. अण्णांना आता हवं तिकडे जायला मोकळं रान होतं.

“उलटा,” अण्णा म्हणाले.

दिगंबरचे हात भरून आले होते. ते त्यानं तसूभरही खाली आणले नाहीत. त्याच्या बोटांना उजव्या हातातली जाडी कळत होती आणि डाव्या हातात आता एकच पान उरलं होतं. ते त्यानं शक्य तितकं सावकाश उलटलं.

“उलटा.”

“संपलं, अण्णा.”

“संपतंय कसं? म्हातारा हातात पंप घेऊन उभाच आहे अजून. गोष्टीतली ती बाई सायकल न्यायला आली का नाही?”

“ते मी लिहिलेलं नाही.”

“तुम्हाला कोण विचारतंय? पान उलटा.”

दिगंबरनं अंगठा चाचपला. पुठ्ठा लागायला हवा होता, तिथं कागद लागला. पातळ, जरासा कोमट. त्याच्याखाली आणखी एक होता. त्यानं पान उलटलं. डोळे उघडावेत, एकदाच, पापणीएवढे, असं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं वाटलं. समोर अण्णा वाचत होते. ओठांची पुटपुट ऐकू येत होती, शब्द नव्हते. मग ते हसले. मोठ्यानं नाही, ओळखीचं कुणी दारात आल्यावर माणूस हसतो तसं.

“अस्सं होय,” ते म्हणाले. “उलटा.”