कणगीमागची खुडूक

मी आहुपे गावची एक म्हातारी गावठी कोंबडी आहे. रंगाने काळी, मानेवर करडे ठिपके, एका पायाचं नख मोडलेलं. दिसायला मी काही विशेष नाही. पण मित्रांनो, आमच्या वाडीत आज जी कोंबडी तुमच्या पायांतून पळेल, ती बहुधा माझी लेक किंवा नात असेल. हे सांगताना मान आपोआप ताठ होते, त्याला माझा इलाज नाही.

माझी मालकीण झुंबरबाई. लग्नात तिने माहेराहून एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, आणली होती. परसातल्या साऱ्या कोंबड्या तिच्याच वंशातल्या. माहेरचं तेवढंच काय ते तिच्यापाशी उरलं होतं.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भात झोडून झालं आणि मी खुडूक झाले, अंडी उबवायची ओढ लागली. झुंबरबाईने नाचणीच्या कणगीमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात, टोपलीत पेंढा घालून मला अंड्यांवर बसवलं. तिचा नवरा हौशीराम ओट्यावरून ओरडला, "म्हातारीला कशाला बसवती? पायात दम न्हाई तिच्या. रस्सा लई झकास व्हईल!"

"तुमच्या बी पायात न्हाई राह्यला. करू का तुमचा रस्सा?"

सून वैजयंती पदराआड हसली.

पुढे मानमोडीचा रोग आला. बाहेरच्या कोंबड्या माना टाकू लागल्या. कोंबडेही गेले. मी कोपऱ्यात वेगळी होते म्हणून वाचले. झुंबरबाई राखेने हात धुतल्याशिवाय माझ्याजवळ येत नसे. आता तिचं माहेर माझ्या पंखांखाली होतं.

पिल्लं निघायचे दिवस जवळ आले. आमच्याकडे तेव्हा अंडी कोमट पाण्यात सोडून पाहतात. आत जीव असेल तर अंडं तरंगताना हलतं. परातीभोवती सगळे बसले. एकही अंडं हलेना.

"आत्या, गेली वाटतं सगळी," वैजयंती सासूला हळूच म्हणाली.

"गप गं. त्यांच्या आईला आण हिकडं."

वैजयंतीने मला परातीशी ठेवलं. माझे पाय खरंच लटपटत होते. मी गळ्यातल्या गळ्यात क्लुक क्लुक केलं. एक अंडं थरथरलं. मग दुसरं. मग परातीतलं पाणीच नाचू लागलं.

"आयला!" हौशीराम म्हणाला, आणि त्याने डोळे पुसले.

पिल्लं हिंडू लागली तशी शेजारची चिमाबाई आली. तिचंही खुराडं ओस पडलं होतं. "झुंबरे, येखादं पिल्लू दे की."

"ने की. पर आदी हिला इचार."

चिमाबाईने हात पुढे केला. मी कडकडून टोचलं.

मित्रांनो, खुडूक बसलेल्या किंवा पिल्लं असलेल्या कोंबडीने टोचलं, तर तिला काठी मारू नका. ती तुमचंच घर राखत असते. चिमाबाईनेही मला मारलं नाही. हात झटकत ती हसली आणि तिथेच मातीत बसून राहिली, माझी खात्री पटेपर्यंत.

मग मी बाजूला सरले आणि तिला एक पिल्लू उचलू दिलं.